मुख्यमंत्र्यांचा दवाखाना

१ जुलैला आपण डॉक्टर दिन पाळतो, तो डॉ. बिधानचंद्र रॉय ह्यांच्या स्मरणार्थ. १८८२ साली ह्याच दिवशी ते पाटण्यात जन्मले आणि १९६२ साली ह्याच दिवशी कोलकात्यात निवर्तले. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाने त्यांचे अर्ज पुन्हा पुन्हा नाकारले; शेवटी प्रवेश मिळाला आणि १९११ साली ते एमआरसीपी व एफआरसीएस होऊन परतले. १९४८ साली ते फाळणीने होरपळलेल्या पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री झाले. लाखो निर्वासित दारात उभे होते. दुर्गापूर, कल्याणी ही नगरे त्यांनी वसवली. तरीही रोज सकाळी ते गरीब रुग्णांना मोफत तपासत. सेवेला वेळ मिळत नाही, असे आपण सहज म्हणतो. राज्य चालवणाऱ्याला तो मिळत होता, हे आपण ध्यानात ठेवू या.