चेस्टी पुलर : पाच वेळा नेव्ही क्रॉस

मरीन म्हणजे समुद्रमार्गे जाऊन जमिनीवर लढणारा सैनिक. अमेरिकेच्या मरीन कोअरमध्ये ‘नेव्ही क्रॉस’ हे शौर्यपदक पाच वेळा मिळवणारे अधिकारी एकच, लुईस ‘चेस्टी’ पुलर. मला मात्र त्यांचे मोठेपण पदकांच्या आधीच दिसते.

पुलर यांचा जन्म १८९८ साली व्हर्जिनियात झाला. आपल्यासारखेच तेही कॅडेट होते. पहिले महायुद्ध चालू असताना, १९१८ मध्ये, शिक्षण सोडून ते साधे शिपाई म्हणून भरती झाले. १९१९ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले, पण सैन्यकपातीमुळे काही दिवसांतच घरी बसावे लागले. ते पुन्हा भरती झाले, तेही कॉर्पोरल म्हणून. कायम कमिशन मिळायला १९२४ साल उजाडले.

निकाराग्वात त्यांना दोन पदके मिळाली. १९४२ मध्ये ग्वाडलकनाल बेटावर, रात्रीच्या मुसळधार पावसात, त्यांच्या बटालियनने हेंडरसन विमानतळ राखला, हे तिसरे. चौथे केप ग्लॉस्टरला आणि पाचवे १९५० मध्ये कोरियातील चोसिनच्या कडाक्याच्या थंडीत.

पण सप्टेंबर १९४४ मध्ये पेलेल्यू बेटावर समोरून वारंवार चढाई करताना त्यांच्या रेजिमेंटचे निम्म्याहून अधिक सैनिक मृत वा जखमी झाले. त्या निर्णयांवर आजही टीका होते.

१९५५ मध्ये ते लेफ्टनंट जनरल म्हणून निवृत्त झाले आणि १९७१ मध्ये वारले.

छात्रमित्रांनो, उद्या हुकूम देण्याची वेळ आपल्यावर येईल. तेव्हा ग्वाडलकनालबरोबर पेलेल्यूही आठवावे, असे मला वाटते.