कोण होते अच्युत कानविंदे? आयआयटी कानपूर उभारणारा आचऱ्याचा आर्किटेक्ट

बोरिवली असो की मुलुंड, मुंबईत शाळा झाली असेल, तर वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरची सहल आठवत असेलच. १९८५ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राची इमारत अच्युत कानविंदे यांनी आखली, हे मात्र फार जणांना माहीत नसतं.

कानविंदेंचा जन्म १९१६ चा, मालवणजवळच्या आचरा गावातला. वडील चित्रकलेचे शिक्षक. मुलगा मुंबईत जे. जे.मध्ये वास्तुकला शिकला आणि १९४३ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत, म्हणजे सीएसआयआरमध्ये रुजू झाला. दोन वर्षांनी सरकारने त्यांना अमेरिकेतल्या हार्वर्डला पाठवलं. तिथे त्यांचे गुरू होते वॉल्टर ग्रोपियस, म्हणजे जर्मनीतल्या बाऊहाऊसचे संस्थापक. इमारतीचा आकार तिच्या कामातून ठरावा, सजावटीतून नाही, हा धडा कानविंदेंनी तिथे घेतला.

१९४७ मध्ये ते परतले, तेव्हा देश नवा होता आणि प्रयोगशाळा उभ्या करायच्या होत्या. प्रश्न होता त्या दिसाव्यात कशा? सिमेंटच्या इमारतीवर घुमट आणि छत्र्या बसवल्या की ती भारतीय होते, असं मानणारे बरेच होते. कानविंदेंना ते पटत नव्हतं. अहमदाबादची 'अटिरा' ही कापड संशोधन संस्था त्यांनी साधी, सरळ रेषांची बांधली.

१९५५ मध्ये त्यांनी शौकत राय यांच्यासोबत स्वतःची फर्म काढली. मग आलं सर्वांत मोठं काम, आयआयटी कानपूर. तिथले पहिले संचालक पु. का. केळकर हेही मराठी, आणि पवईच्या आयआयटीच्या उभारणीत काम केलेले. कानविंदेंनी इथे उघडी वीट आणि काँक्रीट वापरलं. गाड्यांचे रस्ते वेगळे ठेवले आणि विभाग एकमेकांना छत असलेल्या वाटांनी जोडले. कानपूरच्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना सावलीतून चालता यावं, हा त्यामागचा हिशोब.

हार्वर्डचा धडा असा इथल्या उन्हात बदलत गेला. मेहसाणाच्या दूधसागर डेअरीत हवा खेळती ठेवण्यासाठी उंच धुरांडी लागत होती. त्यांनी ती लपवली नाहीत. उलट त्यांच्यामुळेच त्या इमारतीला तिचं रूप मिळालं.

१९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत अनपेक्षित इमारत अजून यायची होती. १९९८ मध्ये दिल्लीचं इस्कॉन मंदिर खुलं झालं. ते कानविंदेंनीच आखलेलं, आणि त्याला उंच शिखरं आहेत. प्रयोगशाळेवर घुमट नको म्हणणाऱ्या माणसाने मंदिराला शिखर दिलं. वरवर हे उलट वाटतं. पण इमारतीचं काम काय, हाच प्रश्न त्यांनी दोन्हीकडे विचारला होता.

डिसेंबर २००२ मध्ये कानविंदे गेले. त्यांच्या इमारती मात्र आजही वापरात आहेत.