गोंदेड्याच्या गुंफेतून गुरुकुंजापर्यंत : तुकडोजी महाराजांची जंगलातली वर्षं

चांदूर रेल्वेहून तिवसा तालुक्यातलं मोझरी फार लांब नाही. तिथला गुरुकुंज आश्रम सगळ्यांनाच माहीत आहे. पण हा आश्रम उभा करणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज एकेकाळी माणसांपासून दूर, डोंगरातल्या गुंफेत राहायचे, हे अनेकांना ठाऊक नसतं.

३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची होती. शाळा प्राथमिक वर्गातच सुटली. मन रमायचं ते भजनात आणि खंजिरीत. वरखेडचे आडकोजी महाराज त्यांचे गुरू. माणिकचा तुकड्या झाला, तो त्यांच्यामुळेच.

पोरसवदा वयातच त्यांनी घर सोडलं आणि चिमूर भागातलं जंगल गाठलं. आजच्या ताडोबाच्या परिसरातला हा प्रदेश वाघ-अस्वलांचा. रामदिघी आणि गोंदेडा इथं त्यांनी ध्यानधारणेत दिवस काढले. उन्हाळ्यात हे पानगळीचं जंगल वाळून कोळ होतं, एका ठिणगीनं वणवा पेटतो. पावसाळ्यात नाले भरले की वाटा बंद होतात. अशा ठिकाणी एकट्यानं राहायचं म्हणजे खाण्यापिण्यापासून सगळाच प्रश्न.

तुकडोजी तिथंच राहिले असते, तर एक तपस्वी म्हणून ओळखले गेले असते. पण ते परत आले. डोंगरावर मिळालेली शांती गावातल्या माणसाच्या उपयोगी पडत नसेल, तर ती अपुरी, असा त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचा अर्थ आहे.

१९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला. खंजिरी घेऊन ते गावोगाव फिरले. ग्रामसफाई, सामुदायिक प्रार्थना, व्यसनमुक्ती आणि अस्पृश्यता निवारण हे त्यांच्या भजनांचे विषय झाले. ज्या चिमूरच्या जंगलात त्यांनी एकांत शोधला, त्याच चिमूरमध्ये ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रजांविरुद्ध मोठा उठाव झाला. त्यामागे महाराजांच्या भजनांची प्रेरणा आहे, असं सरकारला वाटलं. त्यांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आलं.

पुढे त्यांनी ४१ अध्याय आणि ४,६७५ ओव्यांची ग्रामगीता लिहिली. विषय एकच, गाव कसं सुधारावं. १९५५ मध्ये ते जपानमधल्या विश्वधर्म परिषदेलाही गेले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीतच त्यांचं निधन झालं.

आजही पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंजात हजारो माणसं स्तब्ध उभी राहतात. गोंदेड्याच्या गुंफेजवळही दरवर्षी यात्रा भरते. जिथं ते माणसांपासून दूर गेले होते, तिथं आता माणसंच त्यांना शोधत येतात.