पी. के. रोझी : एका चित्रपटाची कारकीर्द

मल्याळम चित्रपटाची पहिली नायिका एक दलित स्त्री होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? तिचे नाव पी. के. रोझी. मूळ नाव राजम्मा. त्रावणकोर संस्थानातील तिरुवनंतपुरम येथे पुलया या अस्पृश्य जातीत ती जन्मली. याच जातीतील अय्यनकाली यांनी 1893 साली बैलगाडीत बसून सार्वजनिक रस्त्यावरून जाण्याचा हक्क बजावला होता. रोझीच्या वाट्याला आलेला रस्ता रुपेरी पडद्याचा होता.

गवत कापून पोट भरणारी ही मुलगी काक्करिशी या लोकनाट्यात काम करीत असे. जे. सी. डॅनियल यांनी आपली मालमत्ता विकून 'विगतकुमारन' हा मूकपट काढायला घेतला, तेव्हा नायिका म्हणून त्यांनी रोझीची निवड केली. भूमिका होती सरोजिनी या नायर स्त्रीची. आणि इथेच सवर्णांचे पित्त खवळले!

तिरुवनंतपुरमच्या कॅपिटॉल चित्रगृहात चित्रपट लागला. पुलया स्त्री नायर स्त्रीच्या वेषात दिसताच प्रेक्षकांनी पडद्यावर दगडफेक केली. खुद्द नायिकेला चित्रगृहात बसून आपले काम पाहता आले नाही. पुढे तिचे घर जाळण्यात आले. एका लॉरीतून ती नागरकोईलच्या दिशेने निघून गेली. त्या लॉरीच्या चालकाशीच तिने संसार थाटला. तो जातीने नायर होता. पडद्यावर नायर झाली म्हणून जिचे घर जाळले, तिला उरलेले आयुष्य जात लपवून नायर घरात काढावे लागले. पुन्हा ती कॅमेऱ्यासमोर कधीच आली नाही.

तिचा गुन्हा कोणता? अभिनय वाईट होता, अशी तक्रार कोणाचीच नव्हती. जातीने नेमून दिलेली जागा तिने पडद्यावर क्षणभर ओलांडली, एवढेच. 1936 साली त्रावणकोरात मंदिरप्रवेशाचा जाहीरनामा निघाला, देवळांची दारे उघडली. पण रोझीला तिचे नाव आणि तिची कला कोणी परत दिली नाही.

आज त्या चित्रपटाची प्रत उपलब्ध नाही. डॅनियल यांच्या नावाने केरळ सरकारने 1992 पासून पुरस्कार सुरू केला. रोझीची दखल मात्र फार उशिरा, 2013 च्या 'सेल्युलॉइड' या चित्रपटानंतर सर्वदूर घेतली गेली. फीत नष्ट झाली तरी इतिहास नष्ट होऊ देता कामा नये. चित्रपटाच्या इतिहासात रोझीचे नाव पहिल्या पानावर लिहिले गेले पाहिजे, आणि ते आपणच लिहिले पाहिजे.