सगळ्यांना वाजवू देणारा मास्तर : गुस्ताव होल्स्ट

गुस्ताव होल्स्ट हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? हात वर करू नका, मला उत्तर माहीत आहे! पण 'स्टार वॉर्स' बघताना जाणकारांना ज्याच्या 'मार्स' या रचनेची हमखास आठवण येते, तोच हा होल्स्ट. सात ग्रहांवर सात भाग असलेली त्याची 'द प्लॅनेट्स' जगभरचे मोठमोठे ऑर्केस्ट्रा आजही वाजवतात. त्यात पृथ्वी नाही आणि प्लूटोही नाही. प्लूटो सापडला १९३० मध्ये, म्हणजे ही रचना होऊन गेल्यावर. आणि २००६ मध्ये प्लूटोचं ग्रहपदच गेलं, त्यामुळे होल्स्टची यादी आपोआप पुन्हा बरोबर झाली!

पण मला सांगायचं आहे ते ग्रहांबद्दल नाही. हा माणूस जवळजवळ सगळं आयुष्य मास्तरकी करून जगला. आणि त्याचे विद्यार्थी कोण? शाळेतल्या मुली, आणि दिवसभर नोकरी करून संध्याकाळी शिकायला येणारी साधी माणसं. कुणाला वाजवता यायचं, कुणाला अर्धवट यायचं, कुणी नुकतंच वाद्य हातात घेतलेलं. अशा सगळ्यांना एकत्र बसवून तो संगीत करायचा, आणि तेही टाइमपास म्हणून नाही, अगदी मनापासून.

होल्स्टचा जन्म २१ सप्टेंबर १८७४ चा, इंग्लंडमधल्या चेल्टनहॅम गावातला. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे आणि पियानो शिकवायचे. आई तो सात वर्षांचा असतानाच गेली. पोरगा तब्येतीने अगदीच नाजूक, दमेकरी, डोळ्यांवर जाड चष्मा. वडिलांची इच्छा, मुलाने पियानिस्ट व्हावं. पण उजव्या हाताच्या नसांचं दुखणं लागलं आणि ते आयुष्यभर पाठ सोडेना. पियानोचा नाद सोडावा लागला. मग त्याने ट्रॉम्बोन धरला. ट्रॉम्बोन म्हणजे सरकत्या नळीचं लांबलचक पितळी वाद्य. फुंकर मारून मारून दम्याला फायदा होईल असा वडिलांचा हिशोब होता. म्हणजे बघा, आपल्याकडे प्राणायाम सांगतात तसं त्याला ट्रॉम्बोन सांगितला!

१८९३ मध्ये तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाला. स्कॉलरशिप लगेच मिळाली नाही, दोन वर्षांनी मिळाली. कॉलेज संपल्यावर पोटासाठी ऑपेरा कंपनीत आणि मग स्कॉटलंडच्या ऑर्केस्ट्रात ट्रॉम्बोन वाजवला. ऑर्केस्ट्रात ट्रॉम्बोनवाल्याची गंमत अशी असते की तो बराच वेळ नुसता बसून मात्रा मोजत असतो आणि त्याची पाळी आली की थोडंसं वाजवतो. मला वाटतं, होल्स्ट पुढे जसा मास्तर झाला त्याचं मूळ इथे असावं. मागच्या रांगेतल्या माणसाला काय दिसतं, काय ऐकू येतं, हे त्याने स्वतः बसून पाहिलं होतं.

याच काळात त्याला भलतंच वेड लागलं, संस्कृतचं! आपल्या ऋग्वेदाची आणि महाकाव्यांची इंग्रजी भाषांतरं त्याच्या वाचनात आली. ती त्याच्या संगीताला जुळेनात, म्हणून हा पठ्ठ्या लंडनमध्ये संस्कृत शिकायला गेला आणि ऋचांचं इंग्रजी स्वतःच करू लागला. 'सीता' नावाचा तीन अंकी ऑपेरा लिहिला, त्याला स्पर्धेत बक्षीस मिळालं नाही. कालिदासाच्या मेघदूतावर मोठी रचना केली, ती १९१३ मध्ये लोकांना आवडली नाही. पण त्याची 'सावित्री' टिकली. १९०८ च्या सुमारास लिहिलेला हा अर्ध्या तासाचा ऑपेरा आहे. पात्रं तीनच : सावित्री, सत्यवान आणि यम. वाजवणारे जेमतेम डझनभर. सुरुवातीला साथीला एकही वाद्य नाही, फक्त यमाचा आवाज. आमची आई दर वटपौर्णिमेला जी कथा सांगते, तीच एका चष्मेवाल्या इंग्रज मास्तराने शंभरएक वर्षांपूर्वी लंडनमध्ये रंगमंचावर आणली, हे वाचून मी उडालेच. (पहिला प्रयोग डिसेंबर १९१६ मध्ये झाला. म्हणजे सावित्रीलाही आठेक वर्षं वेटिंग लिस्टवर थांबावं लागलं!)

आता मुख्य गोष्ट. १९०५ मध्ये होल्स्ट लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये संगीत शिकवायला लागला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. १९०७ पासून संध्याकाळी मॉर्ली कॉलेज. हे कॉलेज म्हणजे नोकरी-धंदा करणाऱ्या बायका-पुरुषांसाठी चालवलेली संध्याकाळची शाळा. तिथे आल्याआल्या त्याने कामाची सवय लावली. सोपी, ओळखीची गाणी बाजूला ठेवून बाख आणि पर्सेल यांचं संगीत आणलं. सुरुवातीला काही जण वर्ग सोडून गेले. पण जे राहिले ते टिकले, आणि हळूहळू संख्या वाढली.

इथेच त्याचं वेगळेपण आहे. नवशिक्यांना घेऊन काही करायचं म्हटलं की आपण दोनच गोष्टी करतो. एक तर त्यांना बाहेर काढतो, नाहीतर सगळ्यांसाठी बालवाडीचं गाणं निवडतो. होल्स्टने दोन्ही केलं नाही. त्याने संगीत अव्वल दर्जाचंच ठेवलं आणि ज्याला जेवढं झेपेल तेवढा त्याचा वाटा लिहून दिला. सेंट पॉल्सच्या मुलींसाठी त्याने १९१२-१३ मध्ये तंतुवाद्यांचा 'सेंट पॉल्स सुइट' लिहिला. मग फुंकवाद्यं वाजवणाऱ्या मुली बाहेर राहू नयेत म्हणून त्यांच्यासाठीही वाटे लिहिले. या सुइटच्या शेवटच्या भागात एक छोटीशी जुनी धून गोल गोल फिरत राहते, आणि तिच्यावर मध्येच 'ग्रीनस्लीव्ह्ज' ही दुसरी जुनी धून येऊन बसते. धुना दोन्ही साध्या, पण एकत्र ऐकल्या की अंगावर काटा येतो.

मॉर्लीचं मोठं काम १९११ चं. पर्सेलचा 'द फेअरी क्वीन' हा सतराव्या शतकातला ऑपेरा. त्याची मूळ प्रत हरवली होती, ती दोनशे वर्षांनी सापडली. वाजवायचं तर प्रत्येक वाद्याचे आणि गाणाऱ्याचे वेगळे कागद पाहिजेत, आणि ते तर नव्हतेच. झेरॉक्सचं दुकान तेव्हा कुठलं! मॉर्लीच्या विद्यार्थ्यांनी हाताने जवळपास दीड हजार पानं उतरवून काढली. नोकरीवरून थकून येऊन, रोज थोडी थोडी. आपल्याला जर्नल लिहिताना हात दुखतो, म्हणून मला या दीड हजार पानांचं फार अप्रूप वाटतं. आणि ज्याला वाजवायला फारसं जमत नव्हतं, त्यालाही कागद तर उतरवता येत होता! म्हणजे तोही त्या कार्यक्रमात होताच.

हे सगळं मला एवढं का लागलं, तेही सांगते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या क्वायरमध्ये ज्यांचा सूर लागायचा नाही त्यांनी फक्त ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही, असा नियम होता. माझी एक मैत्रीण पाच वर्षं नुसते ओठ हलवत होती. नंतर तिने बाथरूममध्येसुद्धा गाणं सोडलं.

आणि यंदा आमच्या कॉलेजच्या गिटार ग्रुपमध्ये तोच प्रश्न आला. आम्ही चौदा जण. त्यातले तिघं-चौघं खरंच भारी वाजवतात, पाच-सहा जणांचं बरं चालतं, आणि बाकीच्यांना जी वरून सी वर जायला अख्खं सेमिस्टर लागतं. एफ कॉर्डचं तर नावच काढू नका. गॅदरिंग जवळ आलं तशी चर्चा सुरू झाली की कच्च्या पाच जणांना या वेळी बसवावं. म्हणणाऱ्यांची बाजू खोटी नव्हती. स्टेजवर आठच मिनिटं मिळतात, आणि आपलं पब्लिक कसं आहे हे तुम्हाला माहीतच आहे. एक सूर चुकला की मागून शिट्ट्या. पण त्या पाचांपैकी एक जण दर प्रॅक्टिसला सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या लावायचा. त्याला नाही कोण सांगणार?

मी तेव्हा 'मार्स' ऐकत होते. ऐकता ऐकता ट्यूब पेटली. त्याची सुरुवात एकाच सुरावर आहे, जी वर! व्हायोलिनवाले गजाच्या लाकडी बाजूने तारांवर टकटक करत तोच सूर पुन्हा पुन्हा वाजवतात. पाच मात्रांचं चक्र : पहिल्या मात्रेत तीन ठोके, दुसरीत एक, तिसरीत एक, चौथीत दोन, पाचवीत एक. झपताल शिकलेल्यांना पाचाचा हिशोब लगेच कळेल. आणि जी म्हणजे गिटारची तिसरी तार, रिकामी! डाव्या हाताचं एकही बोट लागत नाही. फक्त मोजता आलं पाहिजे आणि थांबता कामा नये.

मग पाच जणांना ती एक तार दिली. मधल्या फळीला दोन-तीन सुरांचा खालचा भाग, आणि वरची वळणं वाजवणाऱ्यांना वळणं. पहिल्या प्रॅक्टिसला पाचाचं चक्र चार मात्रांत पळायला लागलं. सात-आठ दिवसांनी मात्र अशी वेळ आली की उत्तम वाजवणारेच घसरत होते आणि रिकामी तार वाजवणारे त्यांना सांभाळून घेत होते. स्टेजवर चौदाच्या चौदा जण बसले. शिट्ट्या आल्या, पण शेवटी आल्या, आणि त्या वेगळ्या होत्या!

आपण सगळे ट्रस सोडवतो. ट्रसमध्ये काही मेंबर असे असतात की हिशोबात त्यांच्यावर बल शून्य येतं. म्हणून कुणी ते कापून टाकत नाही. दुसरा मेंबर वाकू नये म्हणून ते तिथे लागतात, भार बदलला की तेही कामाला येतात. कुणावर किती भार टाकायचा हे काम डिझाइन करणाऱ्याचं. बारीक मेंबरवर जाड मेंबरचा भार टाकायचा आणि तो मोडला की त्यालाच दोष द्यायचा, असं डिझाइन व्हायवामध्ये पास होणार नाही. मग ग्रुपमध्ये तरी का व्हावं?

'द प्लॅनेट्स' होल्स्टने १९१४ ते १९१७ दरम्यान लिहिली, तीही शाळेच्या सुट्टीत आणि शनिवार-रविवारी. शाळेने त्याला आवाज बाहेर जाणार नाही अशी एक खोली बांधून दिली होती, तिथे. हात दुखायचा, म्हणून शाळेतल्या सहकारी बाई आणि जुन्या विद्यार्थिनी लिहून घ्यायला बसायच्या. ज्यांना त्याने उभं केलं, त्यांनीच त्याचं दुखणं निभावलं. २९ सप्टेंबर १९१८ ला लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये पहिल्यांदा ती वाजली. ऑर्केस्ट्राला तालमीला दोन तासही मिळाले नव्हते. 'ज्युपिटर' चालू असताना बाहेर झाडूपोछा करणाऱ्या बायका कॉरिडॉरमध्ये नाचायला लागल्या असं सांगतात. शेवटच्या 'नेपच्यून'मध्ये बायकांचा कोरस लागतो, तो होता त्याच्या विद्यार्थिनींचा. त्या श्रोत्यांना दिसत नाहीत. दुसऱ्या खोलीतून गातात, आणि शेवटी त्या खोलीचं दार हळूहळू लावत नेतात. सूर कधी संपला ते कळतच नाही.

मधल्या काळात, १९१६ मध्ये, त्याने थॅक्स्टेड या खेड्यातल्या चर्चमध्ये शाळेतल्या मुली, मॉर्लीचे विद्यार्थी आणि गावकरी यांना एकत्र करून चार दिवसांचा संगीत उत्सव केला होता. युद्ध संपता संपता तो ग्रीसमधल्या सलोनिकाला गेला आणि सैनिकांना संगीत शिकवलं. त्यानंतर त्याचं नाव झालं, पण नाव झाल्याने तो गोंधळूनच जायचा. १९२३ मध्ये मंचावरून पडला, डोक्याला मार लागला, आणि पुढच्या वर्षी बरीचशी कामं सोडावी लागली. सेंट पॉल्स मात्र सोडलं नाही. १९२८ मध्ये त्याने ब्रास बँडच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी 'अ मूरसाइड सुइट' लिहिला. असे बँड म्हणजे बहुतेक खाणीत आणि गिरण्यांत राबणाऱ्या हौशी वादकांचे. जगप्रसिद्ध झाल्यावरही त्याला त्यांच्यासाठी लिहिणं कमीपणाचं वाटलं नाही.

१९३३ मध्ये तो आजारीच होता. त्या वर्षी त्याने जे लिहिलं त्यात एक होता 'ब्रूक ग्रीन सुइट'. तो कुठल्या नामांकित ऑर्केस्ट्रासाठी नव्हता, तर सेंट पॉल्सच्या ज्युनियर ऑर्केस्ट्रासाठी होता, म्हणजे नुकत्याच वाजवायला लागलेल्या मुलींसाठी. मार्च १९३४ मध्ये मुलींनी तो शाळेत वाजवला. २५ मे १९३४ ला ऑपरेशननंतर होल्स्ट गेला, वय ५९.

लायब्ररीतल्या पुस्तकांत त्याच्या नावापुढे 'द प्लॅनेट्सचा रचनाकार' असं लिहिलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. मी मात्र तुम्हाला सांगेन की 'मार्स' ऐकाच, पण त्यानंतर 'ब्रूक ग्रीन सुइट'ही ऐका. आठेक मिनिटांचाच आहे, मेसच्या रांगेत उभ्या उभ्या ऐकून होतो. आणि ऐकताना एवढंच लक्षात ठेवा, की हे शाळकरी मुलींना वाजवता यावं म्हणून एका आजारी मास्तराने लिहिलंय.