महूचे किशनदादा : एकाच ऑलिंपिकचा कर्णधार

इंदूरच्या पोलोग्राउंडवर आता घोडे धावत नाहीत. कारखान्यांच्या शेडी, वीज वितरण कंपनीचे मुख्यालय आणि मालवाहू गाड्यांची वर्दळ एवढेच तिथे दिसते. पोलोची आठवण उरली आहे ती केवळ नावात. होळकरांच्या या राजधानीपासून वीस-बावीस किलोमीटरवर महूची लष्करी छावणी आहे. तिथे 2 फेब्रुवारी 1917 रोजी जन्मलेल्या किशनलाल या मुलालाही आरंभी पोलोचेच वेड होते. पोलो हा संस्थानिकांचा आणि लष्करी अधिकाऱ्यांचा खेळ. त्याला घोडा लागतो, मोतद्दार लागतो. हॉकीला एक काठी पुरते. चौदाव्या वर्षी किशनलाल हॉकीकडे वळला आणि सोळाव्या वर्षापासून महूच्या संघांमधून नेमाने खेळू लागला.

छावणीच्या गावात हॉकी शिकण्यासाठी वेगळ्या शाळेची गरज नव्हती. पुढे टीकमगडच्या भगवंत क्लबकडून आणि इंदूरच्या कल्याणमल मिलकडूनही तो खेळला. 1941 मध्ये तो बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत दाखल झाला. हीच रेल्वे पुढे पश्चिम रेल्वेत विलीन झाली. त्या काळी गिरण्या आणि रेल्वे यांनी खेळाडूंना पोटापाण्याची हमी दिली नसती, तर कितीतरी काठ्या माळ्यावर धूळ खात पडल्या असत्या.

किशनलाल उजव्या बगलेवरून खेळत. हे स्थान थोडे उपेक्षितच. मैदानाच्या कडेकडेने चेंडू घेऊन धावायचे, बचावपटूला आपल्याकडे ओढून घ्यायचे आणि नेमक्या क्षणी चेंडू गोलासमोर उभ्या असलेल्या सहकाऱ्याकडे सोडायचा. गोल दुसऱ्याच्या नावावर लागतो. हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. त्यात कुरकुर करणारा माणूस उत्तम बगलपटू होऊच शकत नाही.

काळ मात्र त्यांच्याशी उदारपणे वागला नाही. 1940 चे ऑलिंपिक झाले असते तेव्हा किशनलाल तेवीस वर्षांचे असते, 1944 मध्ये सत्तावीस. दोन्ही स्पर्धा महायुद्धाने गिळल्या. ध्यानचंद यांना 1928, 1932 आणि 1936 अशी तीन सुवर्णपदके मिळाली. त्यांच्यामागून आलेल्या पिढीच्या वाट्याला रिकामी वर्षे आली. 1947 च्या अखेरीस ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ पूर्व आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा किशनलाल उपकर्णधार होते. लंडनसाठी कर्णधारपद त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांनी एकतिशी गाठली होती.

संघबांधणीही सोपी नव्हती. फाळणीमुळे पंजाबची मोठी फळी दुभंगली होती. 1936 मध्ये भारताकडून खेळलेले दारा आता पाकिस्तानचे कर्णधार होते. या पोकळीत मुंबईच्या हॉकीने खांदा दिला आणि त्यात गोमंतकीयांचा वाटा लहान नव्हता. नैरोबीत जन्मलेले गोलरक्षक लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ ही नावे त्या संघाच्या यादीत आहेत. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीज अंमल होता, हे ध्यानात घेतले म्हणजे ती यादी वाचताना क्षणभर थांबावेसे वाटते.

ऑस्ट्रियावर 8-0, अर्जेंटिनावर 9-1, स्पेनवर 2-0. उपांत्य सामन्यात हॉलंडने दमवले. तिथे निसटता 2-1 असा विजय मिळाला. अंतिम सामना 12 ऑगस्ट 1948 रोजी वेम्बलीवर, यजमान ग्रेट ब्रिटनशी. पावसाने मैदान चिखलाचे झाले होते. भारतीयांची सारी कला कोरड्या, कठीण मैदानावरच्या चपळ चेंडूफेकीची. इथे पाय घसरत होते आणि चेंडू रुतत होता. तेव्हा किशनलाल आणि त्यांच्या शेजारच्या जागेवर खेळणारे उपकर्णधार के. डी. सिंग ‘बाबू’ यांनी बूट काढून ठेवले आणि ते अनवाणी खेळले. याला पुढे दंतकथेचे रूप आले. खरे पाहता मातीच्या मैदानांवर वाढलेल्या दोन खेळाडूंनी शोधलेला तो साधा उपाय होता. बलबीर सिंग यांनी दोन गोल केले, त्रिलोचन सिंग आणि पॅट जॅन्सन यांनी एकेक. भारत 4-0 असा जिंकला. गोल करणाऱ्यांत कर्णधाराचे नाव नाही.

स्वातंत्र्याला वर्ष पूर्ण व्हायला तीन दिवस उरले होते. काल-परवापर्यंत राज्यकर्ते असलेल्यांच्या राजधानीत, त्यांच्याच संघाला हरवून, तिरंगा प्रथमच ऑलिंपिक विजेत्याच्या मानाने वर चढला. किशनलाल यांचे हे पहिले आणि अखेरचे ऑलिंपिक. हेलसिंकीला संघ गेला तेव्हा नेतृत्व बाबूंकडे होते.

त्यानंतर ते प्रशिक्षक झाले आणि रेल्वेच्या हॉकीशी त्यांचे नाते टिकले. 1966 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लोक त्यांना किशनदादा म्हणत. पदव्या आणि पदके असलेल्या माणसाला असे घरगुती नाव चिकटते, तेव्हा त्याच्या वागण्याविषयी वेगळे सांगायची फारशी गरज उरत नाही.

22 जून 1980 रोजी मद्रास येथे त्यांचे निधन झाले. महिनाभराने, 19 जुलैला मॉस्को ऑलिंपिक सुरू झाले. महिलांच्या हॉकीला ऑलिंपिकमध्ये प्रथमच स्थान मिळाले ते तिथेच. एलिझा नेल्सन, सेल्मा डिसिल्वा, लॉरेन फर्नांडिस यांचा समावेश असलेला भारतीय संघ चौथा आला. पुरुषांच्या संघाने 29 जुलैला स्पेनला 4-3 असे हरवून आठवे सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर भारताला हॉकीत ऑलिंपिक सुवर्ण मिळालेले नाही.