खाशाबा जाधव : लहान चणीचा मोठा मल्ल

प्रत्येक वर्गात एक-दोन मुलं वयाच्या मानानं लहानखुरी असतात. खेळाच्या तासाला संघ पाडताना त्यांचं नाव शेवटी येतं. घरी पालकही म्हणतात, याला खेळ झेपायचा नाही. अशा वेळी मुलांना खाशाबांची गोष्ट जरूर सांगा.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी सातारा जिल्ह्यातल्या कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. पाच भावांत ते धाकटे. वडील स्वतः पैलवान, त्यामुळे घरातच तालमीचं वातावरण. पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना कुस्तीचे धडे दिले. पण फक्त कुस्तीच नाही बरं का! पोहणं, धावणं, मल्लखांब असं सगळं ते आवडीनं करत. शरीर लवचिक आणि चपळ झालं ते या खेळांमुळेच.

खाशाबांची उंची जेमतेम साडेपाच फूट, अंगकाठी किरकोळ. पैलवान म्हणजे धिप्पाड माणूस, अशी आपली समजूत. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात असताना त्यांचा देह पाहूनच क्रीडाशिक्षकांनी त्यांना स्पर्धेत घ्यायला नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले. त्यांनी परवानगी दिली, आणि या किरकोळ मुलानं एकामागून एक कुस्त्या मारल्या. ताकदीच्या जोडीला त्यांच्याकडे डावपेच होते. ढाक हा त्यांचा आवडता डाव.

1948 साली ते लंडन ऑलिंपिकला गेले. खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तोवरचा सराव लाल मातीतला, तिथे मात्र कुस्ती गादीवर आणि नियमही वेगळे. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला.

चार वर्षांनी हेलसिंकी. या वेळी प्रश्न पैशांचा होता. गावोगावच्या लोकांनी वर्गणी दिली, खर्डेकरांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा बँटमवेट, म्हणजे 57 किलोच्या गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवलं. पुढे जपानच्या इशीशी दीर्घ लढत झाली. ती हरल्यावर पुरेशी विश्रांती न मिळताच सोव्हिएत मल्लाशी लढावं लागलं. तीही कुस्ती गेली, पण कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

1955 साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले. 14 ऑगस्ट 1984 रोजी अपघातात त्यांचं निधन झालं. जिवंतपणी त्यांची हवी तशी कदर झाली नाही. अर्जुन पुरस्कारसुद्धा मरणोत्तर मिळाला.

आता आपल्या मुलांकडे वळू. खाशाबांना संधी मिळाली याचं एक कारण म्हणजे वजनगट. 57 किलोच्या मल्लाची गाठ 57 किलोवाल्याशीच पडते. कुस्ती, ज्युदो, मुष्टियुद्ध, वेटलिफ्टिंग या खेळांत ही सोय आहे. मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्समध्ये हलकं शरीर उपयोगी पडतं. खो-खोत चटकन वळणारा, खाली वाकून हुलकावणी देणारा मुलगा पाठलाग करणाऱ्याला दमवतो. टेबल टेनिस, बॅडमिंटनमध्येही नजर आणि पायांची हालचाल जास्त महत्त्वाची. एक काळजी मात्र घ्या : खालच्या गटात बसावं म्हणून वाढत्या वयातल्या मुलाला उपाशी ठेवू नका.

आणि प्रत्येकानं पदकच आणावं असंही नाही. दोन-तीन खेळ खेळू द्या, कुठला आवडतो ते त्यालाच ठरवू द्या. खाशाबांच्या गोष्टीत दोन शिक्षक आहेत. एकानं अंगकाठी पाहिली, दुसऱ्यानं मैदानात उतरू दिलं. आपल्या वर्गातल्या लहानग्याच्या वाट्याला यातला कोणता शिक्षक येणार, हे आपल्याच हातात आहे.